विमानवाहू नौका, भारतीय

विमानवाहू नौका, भारतीय : लढाऊ विमाने व हेलिकॉप्टरे वाहून नेणारी, त्यांना समुद्रावर उड्डाण व अवतरण करण्यासाठी सपाट डेक पुरविणारी आणि त्यांच्या इंधनाची, शस्त्रांची व दुरुस्तीची सोय असलेली मोठी युद्धनौका. किनाऱ्यावरील विमानतळापासून दूर असलेल्या सागरी प्रदेशात आरमाराला हवाई संरक्षण देणे, शत्रूच्या नौका व पाणबुड्या शोधून त्यांवर मारा करणे आणि किनाऱ्यावरील लक्ष्यांवर हल्ला चढविणे, ही तिची प्रमुख कामे होत. भारतीय नौसेनेत १९६१ पासून अशा चार नौका समाविष्ट झाल्या : पहिली विक्रांत (१९६१–९७), विराट (१९८७–२०१७), विक्रमादित्य (२०१३) व दुसरी विक्रांत (२०२२). नौसेनेच्या यादीत असलेली नौका आणि प्रत्यक्ष मोहिमेस सज्ज असलेली नौका यांत मोठा फरक असतो. बांधणीचे वेळापत्रक, विमानांची खरेदी, डागडुजी व गोदीची सोय या चारही गोष्टींचा मेळ बसला, तरच विमानवाहू नौकेचे सामर्थ्य उपयोगात येते. भारतीय नौसेनेच्या सहा दशकांच्या अनुभवातून ही गोष्ट विशेष स्पष्ट होते.

पूर्वपीठिका : जहाजावरून विमान उडविण्याचा पहिला यशस्वी प्रयोग अमेरिकन वैमानिक यूजीन इली याने १४ नोव्हेंबर १९१० रोजी केला. १८ जानेवारी १९११ रोजी त्यानेच जहाजावर विमान उतरवूनही दाखविले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, ब्रिटिश आरमाराची आर्गस ही पूर्ण लांबीचा सपाट डेक असलेली नौका तयार झाली. जपानची होशो ही नौका १९२२ च्या अखेरीस आरमारात दाखल झाली. दुसऱ्या महायुद्धात तारांतो (नोव्हेंबर १९४०), पर्ल हार्बर (डिसेंबर १९४१) व मिडवे (जून १९४२) येथील लढायांनी अवजड तोफांच्या युद्धनौकांचे वर्चस्व संपविले. मिडवेच्या लढाईत जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या. परस्परांच्या दृष्टिपथातही न येता आरमारे एकमेकांचा नाश करू शकतात, हे या युद्धात सिद्ध झाले. युद्धोत्तर काळात जेट विमाने आली. त्यांच्या अधिक वेगामुळे व वजनामुळे तिरकस डेक, बाष्पप्रक्षेपक (कॅटापुल्ट) व अवतरणदर्शक आरसा या तीन सुधारणा आवश्यक ठरल्या. तिन्हींचे श्रेय ब्रिटिश आरमाराकडे जाते.

रचना व कार्यपद्धती : विमान हवेत उचलले जाण्यासाठी त्याच्या पंखांवरून ठरावीक वेगाने हवा वाहावी लागते. भूमीवरील धावपट्टी दोन-तीन किमी. लांब असते; नौकेवर त्यासाठी जेमतेम शंभर-दोनशे मी. जागा मिळते. ही उणीव भरून काढण्यासाठी नौका वाऱ्याच्या दिशेला तोंड करून वेगाने चालविली जाते. त्यामुळे विमान स्थिर उभे असतानाही त्याला समोरून वारा मिळतो. यावरून नौकेच्या एंजिनांचे व बाष्पित्रांचे (बॉयलरांचे) महत्त्व लक्षात येते. नौकेचा वेग घटला, तर तीवरील विमानांना कमी इंधन व कमी शस्त्रे घेऊन उडावे लागते किंवा त्यांना उडताच येत नाही.

उड्डाण व अवतरण यांच्या तीन पद्धती प्रचारात आहेत. पहिल्या पद्धतीत प्रक्षेपक यंत्राने विमान पुढे फेकले जाते व परतताना विमानाच्या शेपटीकडील आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या रोधक तारांत अडकवून ते थांबविले जाते. दुसऱ्या पद्धतीत प्रक्षेपक नसतो. डेकचे पुढील टोक वर वळविलेले असते (स्की-जंप) आणि विमान स्वतःच्या एंजिनाच्या बळावर त्या चढावरून हवेत झेपावते. अवतरण मात्र रोधक तारांच्याच साहाय्याने होते. तिसऱ्या पद्धतीत हॅरिअरसारखे विमान थोड्या अंतरात उडते व सरळ खाली उतरते. पहिल्या विक्रांतवर प्रथम पहिली व पुढे तिसरी पद्धत होती. विराटवर तिसरी होती. विक्रमादित्य व दुसरी विक्रांत यांवर दुसरी पद्धत आहे. स्की-जंपची रचना साधी व देखभालीस सोपी असते. परंतु प्रक्षेपकाच्या अभावी विमानाच्या वजनावर मर्यादा येते आणि दूरवरचा पूर्वइशारा देणारी अवजड रडारयुक्त विमाने वापरता येत नाहीत. हे काम भारतीय नौकांवर कामोव्ह-३१ या हेलिकॉप्टरांकडे सोपविलेले आहे.

विमानवाहू नौका एकटी संचार करीत नाही. विनाशिका, फ्रिगेटे, पाणबुड्या व इंधनपुरवठा करणारे जहाज यांसह तिचा एक ताफा बनतो. अवजड वस्तुमानाची ही नौका शत्रूच्या पाणबुड्यांचे व क्षेपणास्त्रांचे प्रथम लक्ष्य असल्यामुळे तिच्या संरक्षणासाठी बरीच शक्ती राखून ठेवावी लागते. तिच्या उपयुक्ततेविषयीच्या वादाचे मूळ यातच आहे.

पहिली विक्रांत : ही नौका मूळची ब्रिटिश आरमारासाठी ‘हर्क्युलिस’ या नावाने बांधावयास घेतलेली होती. तिचा नौतळ नोव्हेंबर १९४३ मध्ये टाइन नदीवरील व्हिकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीच्या कारखान्यात घातला गेला व २२ सप्टेंबर १९४५ रोजी तिचे जलावतरण झाले. तोवर महायुद्ध संपले होते. १९४६ मध्ये काम थांबले आणि नौका सु. अकरा वर्षे अपूर्ण अवस्थेत पडून राहिली. जानेवारी १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली. बेलफास्ट येथील हार्लंड अँड वुल्फ या कारखान्यात तिरकस डेक, बाष्पप्रक्षेपक इ. सुधारणांसह ती पूर्ण करण्यात आली. ४ मार्च १९६१ रोजी भारताच्या तत्कालीन उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती नौसेनेत समाविष्ट झाली. कॅप्टन प्रीतमसिंग महिंद्रू हे तिचे पहिले कप्तान होत. तिची लांबी सु. २१३ मी. व पूर्ण भारासह विस्थापन सु. १९,५०० टन होते. तीवर सी हॉक ही जेट लढाऊ विमाने व पाणबुडीविरोधी अलिझे विमाने असत. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट रा. ह. ताहिलियानी यांनी तीवर पहिले जेट विमान उतरविले. पुढे ते नौसेनाप्रमुख झाले. ३ नोव्हेंबर १९६१ रोजी विक्रांत मुंबईस पोहोचली आणि पुढच्याच महिन्यात गोवा मुक्तीच्या कारवाईत तिने गोव्याच्या किनाऱ्यापुढील समुद्रात गस्त घातली. नौसेनेच्या हवाई शाखेचा ‘हंसा’ हा तळ १९६४ मध्ये गोव्यातील दाबोळी येथे हलविण्यात आला. तेव्हापासून विमानवाहू नौकांवरील विमानांचा तो प्रमुख किनारी तळ ठरला.

सज्जतेचा प्रश्न नौसेनेपुढे लवकरच उभा राहिला. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धाच्या वेळी विक्रांत मुंबईच्या गोदीत डागडुजीसाठी होती. ती बुडविल्याचा दावा पाकिस्तानने त्या वेळी केला. प्रत्यक्षात ती समुद्रावर गेलीच नव्हती. देशातील एकमेव विमानवाहू नौका ऐन युद्धात निरुपयोगी ठरल्याने एका नौकेवर विसंबून राहण्यातील धोका उघड झाला.

१९७१ च्या युद्धापूर्वी हाच प्रसंग पुन्हा ओढवला होता. १९७० मध्ये विक्रांतच्या बाष्पित्रांना तडे गेल्याचे आढळले. त्यांची पूर्ण दुरुस्ती त्या वेळी देशात शक्य नव्हती. वाफेचा दाब कमी ठेवावा लागल्याने नौकेचा वेग बराच घटला आणि प्रक्षेपकाच्या वापरावरही मर्यादा आल्या. अशा नौकेला पश्चिमेकडे शत्रूच्या प्रबळ हवाई दलासमोर नेणे धोक्याचे होते. परंतु बंगालच्या उपसागरात, जेथे पाकिस्तानचे हवाई सामर्थ्य अल्प होते, तेथे ती उपयोगी पडेल, असा निर्णय घेण्यात आला. बाष्पित्रांची तात्पुरती मजबुती करून व नियमित तपासणी ठेवून कॅप्टन स्वराजप्रकाश यांच्या अधिपत्याखालील विक्रांतची नियुक्ती पूर्वेकडे झाली. तिचा शोध घेण्यासाठी पाकिस्तानने गाझी ही पाणबुडी पाठविली. पूर्व नौसेना विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन्. कृष्णन् यांनी विक्रांत विशाखापट्टणमच्या परिसरातच असल्याचा आभास निर्माण केला. वस्तुतः ती अंदमान बेटांच्या आश्रयास होती. ३ व ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री गाझी विशाखापट्टणम बंदराबाहेर बुडाली. तिच्या बुडण्याच्या कारणाविषयी दोन्ही देशांची मते भिन्न आहेत. ४ डिसेंबरपासून विक्रांतवरील सी हॉक व अलिझे विमानांनी कॉक्स बझार, चितगाँग, खुलना व मोंगला येथील विमानतळ, बंदरे व जहाजे यांवर हल्ले केले. त्यामुळे पूर्व पाकिस्तानातील सैन्याचा समुद्रमार्ग तुटला. या कामगिरीबद्दल विक्रांतवरील अधिकाऱ्यांना दोन महावीरचक्रे मिळाली. सदोष नौकेचाही योग्य क्षेत्र निवडून परिणामकारक उपयोग करता येतो, याचे हे उदाहरण होय.

सी हॉक विमाने जुनी झाल्यावर त्यांच्या जागी ब्रिटिश सी हॅरिअर विमाने निवडण्यात आली. त्यांची पहिली तुकडी डिसेंबर १९८३ मध्ये गोव्यास आली. त्यांना पूर्ण भारासह उडण्यासाठी लागणारी स्की-जंप मात्र विक्रांतवर १९८७–८९ च्या पुनर्सज्जेत बसविली गेली. त्या वेळी प्रक्षेपक काढून टाकण्यात आला. ३१ जानेवारी १९९७ रोजी विक्रांत सेवेतून निवृत्त झाली. नंतर मुंबई बंदरात काही वर्षे ती संग्रहालय म्हणून जनतेसाठी खुली होती. मोडकळीस आलेल्या नौकेच्या देखभालीचा खर्च झेपेनासा झाल्यावर तिची विक्री झाली आणि २०१४ च्या अखेरीस मुंबईतच ती मोडण्यास प्रारंभ झाला.

विराट : ही नौकाही महायुद्धकालीन होती. १९४४ मध्ये बांधावयास घेतलेली ‘हर्मिस’ १९५३ मध्ये जलावतरित होऊन १९५९ मध्ये ब्रिटिश आरमारात दाखल झाली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची ध्वजनौका होती. १९८६ मध्ये भारताने ती विकत घेतली व डेव्हनपोर्ट येथील पुनर्सज्जेनंतर १२ मे १९८७ रोजी ‘विराट’ या नावाने ती नौसेनेत आली. तिचे विस्थापन सु. २८,७०० टन होते. तिच्या आगमनाने भारताकडे प्रथमच दोन विमानवाहू नौका झाल्या. परंतु त्या वेळी विक्रांत पुनर्सज्जेत गुंतलेली होती आणि पुढील काळात तिचे समुद्रावर जाणे विरळ होत गेले. १९९३ मध्ये विराटच्या एंजिनकक्षात पाणी शिरल्याने तीही काही महिने निकामी झाली. १९९७ नंतर विराट ही एकमेव नौका उरली. १९९९ ते २००१ या काळात ती दीर्घ डागडुजीत होती. त्या अवधीत नौसेनेकडे समुद्रावर जाऊ शकणारी एकही विमानवाहू नौका नव्हती. मे २०१६ मध्ये सी हॅरिअर विमाने निवृत्त झाली. त्यामुळे आपल्या सेवेचे अखेरचे महिने विराटने लढाऊ विमानांविना काढले. ६ मार्च २०१७ रोजी मुंबई येथे ती निवृत्त झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याच्या योजनेस महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये मान्यता दिली होती. पण ती योजना सिद्धीस गेली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये नौका मोडण्यासाठी गुजरातमधील अलंग येथे नेण्यात आली.

विक्रमादित्य : सोव्हिएट संघातील काळ्या समुद्राकाठच्या निकोलायेव्ह (आता युक्रेनमध्ये) येथे बांधलेली ‘बाकू’ ही नौका १९८७ मध्ये सोव्हिएट आरमारात दाखल झाली व १९९१ मध्ये तिचे नाव ‘ॲडमिरल गोर्शकोव्ह’ असे ठेवण्यात आले. चीनची ल्याव्निंग ही विमानवाहू नौकाही मूळची याच कारखान्यातील होय. १९९६ मध्ये रशियाने गोर्शकोव्ह सेवेतून काढली. जानेवारी २००४ मधील करारानुसार नौकेच्या सांगाड्यासाठी मूल्य द्यावयाचे नव्हते. तिच्या पुनर्रचनेसाठी ९७.४ कोटी डॉलर ठरले आणि २००८ मध्ये ती मिळणार होती. पुढील डेकवरील क्षेपणास्त्रे काढून तेथे स्की-जंप बसविणे, पूर्ण लांबीचा उड्डाण-डेक तयार करणे, बाष्पित्रे बदलणे व सु. २,३०० किमी. लांबीच्या विद्युत् तारा नव्याने टाकणे असे या कामाचे स्वरूप होते. त्याचा अंदाज मूळ करारात फारच कमी धरला गेला होता. २०१० मध्ये किंमत सु. २३३ कोटी डॉलरवर गेली. नव्या नौकेहून सु. ६० टक्के अधिक किंमत देऊन निम्म्या आयुष्याची जुनी नौका घेतली जात आहे, अशी टीका भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २००९ च्या अहवालात केली. सप्टेंबर २०१२ मधील सागरी चाचणीत बाष्पित्रांचे उष्णतारोधक अस्तर निकामी झाल्याने आणखी सु. एक वर्ष गेले. अखेर १६ नोव्हेंबर २०१३ रोजी सेव्हेरोद्विन्स्क येथे ती भारतीय नौसेनेत समाविष्ट झाली व जानेवारी २०१४ मध्ये कारवार येथे पोहोचली. तिची लांबी सु. २८४ मी. व विस्थापन सु. ४४,५०० टन आहे.

तीवरील मिग-२९के ही विमाने मात्र डिसेंबर २००९ पासूनच भारतात येऊ लागली होती. नौकेच्या अभावी ती चार वर्षे गोव्याच्या तळावरच राहिली. २००४ व २०१० च्या करारांनी एकूण ४५ विमाने घेण्यात आली. त्यांतील एकासनी विमानांची कार्यसज्जता १६ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे महालेखापरीक्षकांनी २०१६ मध्ये नमूद केले.

दुसरी विक्रांत : स्वदेशी विमानवाहू नौका बांधण्याचा विचार १९८० नंतरच्या दशकातच सुरू झाला होता. आर्थिक अडचणींमुळे तो मागे पडला. प्रारंभी लहान आकाराची ‘हवाई संरक्षण नौका’ म्हणून कल्पिलेल्या या योजनेचा आकार वाढत गेला आणि २००३ मध्ये तिला अंतिम मंजुरी मिळाली. नौसेनेच्या नौकाभिकल्प विभागाने आराखडा केला व कोची येथील कोचीन शिपयार्डने बांधणी केली. एप्रिल २००५ मध्ये पोलादकामाला सुरुवात झाली. परंतु आयात करावयाचे विशेष प्रकारचे पोलाद वेळेवर उपलब्ध होईना. तेव्हा संरक्षण संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील धातुविज्ञान प्रयोगशाळेने तसे पोलाद देशातच विकसित केले व भारतीय पोलाद प्राधिकरणाने त्याचे उत्पादन केले. या विलंबातून निघालेले हे पोलाद पुढे इतर भारतीय युद्धनौकांनाही उपयोगी पडले. २८ फेब्रुवारी २००९ रोजी नौतळ घातला गेला, १२ ऑगस्ट २०१३ रोजी जलावतरण झाले व ४ ऑगस्ट २०२१ रोजी सागरी चाचण्या सुरू झाल्या. २ सप्टेंबर २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते नौका नौसेनेत दाखल झाली. त्याच समारंभात नौसेनेच्या नव्या ध्वजाचे अनावरण झाले. त्यावरील अष्टकोनी चिन्हाची कल्पना छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली आहे.

या नौकेची लांबी २६२ मी., कमाल रुंदी ६२ मी., विस्थापन सु. ४३,००० टन व वेग २८ नॉट (ताशी सु. ५२ किमी.) असून चार वायुटरबाइने तिला चालवितात. बांधणीस सु. २०,००० कोटी रुपये लागले व सु. ७६ टक्के सामग्री स्वदेशी आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तीवर मिग-२९के आणि तेजसची नौसैनिक आवृत्ती ही विमाने प्रथम उतरली. विक्रमादित्यच्या वेळी विमाने आधी आली व नौका नंतर आली. येथे नौका आली, पण तिच्यासाठी निवडावयाची नवी विमाने मागे राहिली. जानेवारी २०२२ मध्ये गोव्यातील किनारी स्की-जंपवर रफाल विमानाच्या नौसैनिक आवृत्तीची चाचणी झाली आणि २६ विमानांचा करार २८ एप्रिल २०२५ रोजी झाला.

नियुक्ती व सज्जतेचे गणित : विमानवाहू नौकेच्या आयुष्यात तीन अवस्था आळीपाळीने येतात. मोहिमेवरील नियुक्तीनंतर डागडुजी आणि डागडुजीनंतर वैमानिक व खलाशी यांचा पुनःसराव आवश्यक असतो. नौकेच्या तळाची तपासणी व रंगकाम, एंजिनांची उघडझाप, रडारांची अदलाबदल यांसाठी तिला काही महिने ते दोन-तीन वर्षे गोदीत राहावे लागते. रात्रीच्या अंधारात हलत्या डेकवर उतरण्याचे कौशल्य सरावाअभावी लवकर मंदावते. म्हणून नौका गोदीबाहेर पडली, तरी ती लगेच लढाईस सज्ज होत नाही. या कारणांमुळे एक नौका सदैव समुद्रावर ठेवावयाची, तर साधारणतः तीन नौका लागतात. एक नौका असणे म्हणजे काही काळ एकही नसणे, हे १९६५ मध्ये व १९९९–२००१ मध्ये दिसून आले. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांसाठी एकेक सज्ज नौका आणि एक डागडुजीत, या हिशेबाने भारतीय नौसेनेने तीन नौकांची मागणी दीर्घकाळ मांडली आहे. पाणबुड्या व किनाऱ्यावरील दूरपल्ल्याची विमाने यांवर तोच पैसा खर्च करावा, असा प्रतिपक्ष आहे.

गोदीची सोय हाही या गणिताचा भाग आहे. एवढ्या मोठ्या नौकेसाठी सुकी गोदी कोची येथे होती. मुंबईच्या नौसेना गोदीतील विमानवाहू नौकांसाठीची सुकी गोदी सप्टेंबर २०१९ मध्ये कार्यान्वित झाली. जून २०२३ मध्ये विक्रमादित्य व विक्रांत यांनी ३५ हून अधिक विमानांसह अरबी समुद्रात संयुक्त सराव केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये विक्रमादित्यच्या डागडुजीचा सु. १,२०७ कोटी रुपयांचा करार कोचीन शिपयार्डशी झाला. मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी उत्तर अरबी समुद्रात विमानवाहू नौकेचा ताफा तैनात करण्यात आला होता.

पहिली विक्रांत नौतळ घातल्यापासून सतरा वर्षांनी, हर्मिस पंधरा वर्षांनी आणि दुसरी विक्रांत तेरा वर्षांनी सेवेत आली. गोर्शकोव्हच्या पुनर्रचनेस नऊ वर्षे लागली. आधीची नौका निवृत्त होण्याच्या वेळी पुढची सज्ज हवी असेल, तर तिचा निर्णय किमान पंधरा वर्षे आधी व्हावा लागतो आणि तिच्यावरील विमानांचा निर्णयही त्याच वेळी व्हावा लागतो. युद्ध उद्भवल्यावर ही नौका बांधता येत नाही. जी नौका त्या दिवशी समुद्रावर असेल, तिच्यावरच देशाला विसंबून राहावे लागते.